मघाचं आणि आत्ताचं

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
दस्तगीरचाचांचं शटर मात्र निम्मं वर,
आत रंध्याचा आवाज, सागाचा भुसा,
आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपात
एका पंपाची बॉडी निवत होती
तिसऱ्यांदा,
आणि तिसऱ्यांदा वेगळीच.

तेच ओतीव लोखंड, तेराशे ऐंशी अंश,
तीच वाळू, तेवढाच वेळ.
पोकळी काल फ्लँजपाशी होती,
आज बरगडीच्या पोटात.
उद्या कुठं असेल विचारू नका,
शिरोलीत फाउंड्रीवाले तेच विचारत होते.

रात्रभर शोधून सापडलं ते एवढंच :
तापमानाची एकच वही
मी सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती.
एकजण वाचतोय, दुसरा तेवढ्यात खोडतोय.
शेजारच्या पेशीनं विचारावं, तू मघाशी किती होतीस,
आणि मघाशी नावाचं
काही उरलेलंच नसावं.

चाचांना मी हे कसंबसं सांगितलं.
ते हसले नाहीत. फळीवरनं
एक काळपट पडलेलं लाकूड काढलं.
‘सतरा वर्षं झाली ह्या पॅटर्नला.
वाळू दर टायमाला नवी ठोकायची,
रस ओतायचा, साचा फोडायचा.
साचा फुटायलाच अस्तोय, पोरी.
पण लाकडावर घण घालताना
कुणाला बघितलंस काय?’

मग त्यांची पितळी पट्टी दाखवली.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून केसभर लांब,
कारण लोखंड निवताना आखडतं.
‘आधी लेथसाठी मास सोडायचं,
मग ही पट्टी लावायची.
एकाचं झालं की दुसऱ्याच्या हातात.
उलटं केलंस तर माप गेलं बोंबलत.’
‘बघतो की,’ मी म्हणाले,
आणि भुसा झटकून घरी आले.

सगळं परत लिहायला घेतलं.
जिथं जिथं ‘बदल’ म्हटलं होतं
तिथं तिथं एवढंच म्हटलं :
मघाचं घ्या,
आत्ताचं द्या,
मघाला हात लावू नका.
नियम एका कागदावर मावला,
उष्णता कशी सरकते त्याचा,
आणि तो दहा लाख पेशींवरनं फिरवला
एका ओळीत. कुठला धागा आधी धावला,
कुठला मागं राहिला,
याची चौकशीच उरली नाही.

सरांनी नाक मुरडलं. एवढ्या प्रती?
जुना फोरट्रान बारा मिनिटांत करतो.
खरं आहे. माझं सत्तावीस मिनिटं चालतं,
आणि रॅम गुऱ्हाळाच्या काहिलीसारखी
काठाशी येऊन फसफसते.
मी वाद घातला नाही.
पण सत्तावीस मिनिटांनी जे उत्तर येतं
तेच मंगळवारी येतं, तेच शिरोलीत येतं,
आठ कोरांत वाटून दिलं तरी तेच,
आणि दोनशे बाराव्या सेकंदाकडं
मला परत जाता येतं.
तो आहे तिथंच असतो,
कुणी त्याच्या अंगावर दुसरा सेकंद लिहिलेला नसतो.

गुरुवारी बॉडी करवतीखाली घातली.
चाचा आले होते, चष्मा कपाळावर.
ठिणग्या, कर्कश्श आवाज, मग दोन फाका.
पोकळी होती. बरगडीतच होती.
मी सांगितलेल्या जागेपासून
बोटभर खाली.

माझं तोंड उतरलेलं बघून
त्यांनी कडेवरनं अंगठा फिरवला,
काळ्या झालेल्या अंगठ्याकडं बघितलं.
‘बोटभरच न्हवं?
वाळूची उष्णता किती धरलीस ते बघ.
पट्टी बदल.
लाकडाला काय झालेलं न्हाई.’